लिफ्टसमोरचा कॅमेरा

तव्यावरची पोळी उलटत होते तेवढ्यात ओट्यावरचा फोन वाजला आणि मग वाजतच राहिला. सकाळच्या वेळी सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याचा टँकर नाहीतर बंद पडलेली लिफ्ट, याच बातम्या असतात. म्हणून कणकेचे हात तसेच ठेवून करंगळीने फोन उघडला. व्हिडिओ होता. आमच्याच इमारतीतला, तळमजल्यावरच्या लिफ्टसमोरचा.

त्यात तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणारी रोशनी वळवी होती. नंदुरबारकडची मुलगी, नाशिकच्या एका खाजगी दवाखान्यात नर्स. रात्रपाळी करून आलेली दिसत होती, अंगावर युनिफॉर्म, खांद्याला पिशवी. तिच्या शेजारी हातात हेल्मेट घेतलेला एक तरुण उभा होता. दोघं लिफ्टची वाट बघत होते. आमची लिफ्ट वरून खाली यायला वेळ लावते. थोड्या वेळाने रोशनीने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि डोळे मिटले. लिफ्ट आली, दोघं आत गेले, दार लागलं. एवढंच.

खाली आमचे अध्यक्ष देवरे अण्णा यांनी लिहिलं होतं, "आपण सर्व कुटुंबवत्सल लोक आहोत. आपल्याकडे लहान मुलं आहेत. भाडेकरू म्हणून कोणाला ठेवायचं, यावर सर्वांनी विचार करावा." शेवटी जोडलेले हात.

त्याखाली अंगठ्यांची रांग लागली होती. दुसऱ्या मजल्यावरच्या शिरोडे काकूंनी विचारलं होतं, "रोजच येतो का हा?" चौथ्या मजल्यावरचे पवार म्हणत होते, "फ्लॅटमालकाला ताबडतोब कळवा." शिरोडे काकूंचं ब्लडप्रेशर ही मुलगी दर आठवड्याला घरी जाऊन तपासून द्यायची, एक पैसा न घेता. आणि त्या विचारत होत्या, रोजच येतो का हा.

पोळी करपली. मी गॅस बंद केला आणि हात धुतले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. त्याला नुसता तो व्हिडिओ कारण नव्हता. हे होणार हे मी आधीच सांगितलं होतं, सगळ्यांच्या तोंडावर सांगितलं होतं, आणि सगळे हसले होते.

या सगळ्यालाच आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हा सोसायटीची सचिव होते, म्हणजे पत्रं लिहायची, बिलं वाटायची आणि मीटिंगला चहा सांगायचा, एवढा माझा अधिकार. पोटापाण्यासाठी घरी बसून एका कंपनीचं सॉफ्टवेअर तपासायचं काम करायचे. खाली पार्किंगमधून स्कूटरच्या बॅटऱ्या चोरीला जायला लागल्या, म्हणून कॅमेरे लावायचं ठरलं. सोसायटीच्या ऑफिसात एक छोटा डबा, म्हणजे लहानसा कॉम्प्युटरच, आधीपासून होता. पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे, फाटक, सगळं त्यावरून चालायचं. कॅमेरेही त्यालाच जोडायचे होते, आणि ही जोडणी, म्हणजे कॅमेरा आणि डबा यांना एकमेकांशी बोलायला लावणारं सॉफ्टवेअर, कुठली घ्यायची, यावर आमचं वाजलं.

एक जोडणी त्या डब्यातच आयती होती, कॅमेऱ्याच्या कंपनीची अधिकृत. बटण दाबलं की सुरू. पण मग सगळं चित्रण इमारतीतून निघून कंपनीकडे जाणार, आणि ज्याच्या फोनमध्ये ते ॲप असेल त्याला बसल्या जागी कुणाचंही येणं-जाणं दिसणार. दुसरी जोडणी जगभरच्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेली, फुकट मिळणारी. ती कॅमेऱ्याशी थेट तारेवरून बोलते. चित्रण ऑफिसातल्या मशीनवरच राहतं आणि ते बघायला दोन जणांचे पासवर्ड लागतील, अशी सोय करता येते. मी म्हणाले, ही दुसरी घेऊ. चोरी झाली तर दोघांनी मिळून बघायचं, एरवी कुणीच नाही.

"कोण आहेत हे हौशी लोक?" अण्णांनी विचारलं होतं. अण्णा साखर कारखान्याच्या ऑफिसातून निवृत्त झालेले, आवाज खणखणीत. "पत्ता काय त्यांचा? उद्या बंद पडलं तर कोणाची कॉलर धरायची?"

"बंद पडू शकतं," मी कबूल केलं. "कंपनीने कॅमेऱ्यात काही बदल केला तर ही जोडणी काही दिवस अडते. मग ते लोक दुरुस्त करतात. मी लक्ष ठेवीन."

"आणि तुम्ही माहेरी गेलात तर?"

सगळे हसले. मी कंपनीच्या जोडणीबद्दल बोलले, ॲप ज्याच्या हातात त्याच्या हातात सगळी इमारत जाईल असं म्हणाले. तेव्हा पवार म्हणाले, "ताई, आपण काय चोर आहोत का? लपवायचं काय आहे आपल्याला?" पुन्हा हसले. हात वर झाले. माझ्या बाजूने फक्त पहिल्या मजल्यावरचे काझी सर होते, उर्दू शाळेतले गणिताचे शिक्षक. कंपनीची जोडणी बसली आणि ॲप गेलं अध्यक्षांच्या फोनमध्ये.

आता त्या ॲपमधूनच हा व्हिडिओ आला होता. मी पदर खोचलेलाच होता, तशीच पाचव्या मजल्यावर गेले.

दार नलिनीताईंनी उघडलं, अण्णांच्या बायकोने. त्या फार कमी बोलायच्या. "बसा," म्हणाल्या आणि पाणी आणायला आत गेल्या. अण्णा झोपाळ्यावर बसून पायाने हलका झोका घेत होते. फोन हातातच होता.

"अण्णा, तो व्हिडिओ काढून टाका."

"बसा तर आधी."

"मी बसायला आले नाही. कॅमेरे बॅटरीचोरांसाठी लावले होते. कुणाच्या खांद्यावर कुणी डोकं ठेवलं ते बघायला नाही."

अण्णांनी मान डोलावली, जणू मी त्यांचंच म्हणणं मांडत होते. "हेच तुमचं चुकतं, ताई. सुरक्षा म्हणजे नुसत्या बॅटऱ्या नाहीत. वातावरण पण सुरक्षित पाहिजे. आणि तुम्ही ज्या फुकटच्या जोडणीचं म्हणत होतात ना, तिच्यात हे जमलं नसतं. हे बघा."

त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. पडद्यावर रोशनीचा चेहरा होता, लिफ्टकडे बघतानाचा. शेजारी एक छोटी घंटा. खाली तिच्या येण्याजाण्याचे तुकडे एकाखाली एक लागले होते.

"ॲप चेहरा ओळखतं," अण्णा कौतुकाने सांगत होते. "आपण एकदा नाव द्यायचं. घंटा लावली की ती व्यक्ती कॅमेऱ्यासमोर आली रे आली, मला फोनवर कळतं. कंपनीने आतच दिलंय हे. वेगळं काही करावं लागत नाही."

"तुम्ही त्या मुलीला घंटा लावलीय?"

"नजर ठेवायला नको? एकटी राहते."

त्यांचा अंगठा पडद्यावर सरकला आणि क्षणभर बाकीचे चेहरे दिसून गेले. त्यात माझी मुलगी होती. इरा, कॉलेजची बॅग पाठीला, केस बांधत असलेली. तिच्या शेजारीही घंटा होती.

मला आठवतं, नलिनीताई पाण्याचा ग्लास घेऊन दारात उभ्या होत्या आणि मी तो घेतला नाही. मी एवढंच म्हणाले, "तुम्हाला लाज नाही वाटत?"

अण्णांनी झोपाळा थांबवला. "रविवारी मीटिंग लावलीय. काय बोलायचं ते तिथे बोला. त्या मुलीलाही बोलावलंय. खुलासा करू दे तिला."

पायऱ्या उतरून मी तिसऱ्या मजल्यावर थांबले. रोशनीने दार उघडलं तेव्हा तिच्या हातात बादली होती, युनिफॉर्म वाळत घालायला निघाली होती. डोळे झोपेने लाल. बघितल्याबरोबर म्हणाली, "व्हिडिओबद्दल आलात ना, ताई?"

"तुला कोणी पाठवला?"

"घरमालकांनी. ठाण्याहून फोन होता. रविवारी खुलासा कर, नाहीतर महिनाअखेर खोली सोड." तिने बादली खाली ठेवली. "घरमालक वाईट नाहीत. म्हणाले, बेटा, फक्त सांगून टाक ना, कोण होता. भाऊ होता म्हण."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. काय बोलणार होते ते मलाही नीट माहीत नव्हतं. ती माझ्याकडे रोखून बघत होती.

"तुम्हालाही हवंय का उत्तर?"

"नको," मी म्हणाले. "तू मला काही सांगायचं नाहीस. तिथेही सांगायचं नाही."

"मी सांगणारच नव्हते." तिने बादली परत उचलली. "रात्रभर दुसऱ्यांच्या माणसांना उचलून कुशीवर वळवायचं. सकाळी पाय उचलत नाहीत. त्या दिवशी वॉर्डात एक आजी वारल्या. मी घरी आले आणि कोणाच्या तरी खांद्यावर डोकं ठेवलं. आता त्याचा खुलासा करायचा. तो कोण होता यावर ठरणार, मी चांगली का वाईट."

मी तिला विचारलं, मीटिंगला येशील ना. ती म्हणाली, येईन, खुर्चीत बसेन, उभी राहणार नाही.

घरी येऊन मी लॅपटॉप उघडला. एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. अण्णांच्या फोनमध्ये ॲप होतं खरं, पण कंपनीकडचं खातं सोसायटीच्या ईमेलवर काढलेलं होतं, आणि सोसायटीचा ईमेल सचिव म्हणून मीच बघायची. पासवर्ड विसरलोय म्हटलं की नवा पासवर्ड माझ्याकडे येणार होता. मी ते त्याच क्षणी करू शकत होते. माझ्या नवऱ्याने, मिलिंदने, मागे उभं राहून विचारलं, "कशाला यात पडतेस?" मी त्याला इराच्या चेहऱ्याचं आणि घंटेचं सांगितलं. तो खुर्ची ओढून शेजारी बसला आणि म्हणाला, "उघड."

पण मी उघडलं नाही. दार लावून एकटीने ते सगळं बघायचं, म्हणजे अण्णांच्या झोपाळ्यावर जाऊन बसण्यासारखंच झालं असतं. जे बघायचं ते सगळ्यांसमोर.

रविवारी पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. एरवी मीटिंगला गणसंख्या भरत नाही म्हणून पुन्हा पुन्हा फोन करावे लागायचे. त्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या. माणसं मोटारींच्या बॉनेटला टेकून उभी होती. गणपतीत आरतीचं प्रक्षेपण करायला घेतलेला मोठा टीव्ही मी ऑफिसमधून बाहेर ओढून ठेवला होता. कुणी विचारलं नाही कशाला. सगळ्यांचं लक्ष रोशनीकडे होतं. ती पुढच्या रांगेत कडेला बसली होती, साध्या पंजाबी ड्रेसमध्ये, हात मांडीवर.

अण्णांनी सुरुवात फार मायेने केली. "बेटा, तुला इथे कोणी वाईट म्हणत नाहीये. आमच्या मुलीसारखी तू. तो कोण, एवढं सांग की विषय संपला. भाऊ असेल तर भाऊ म्हण."

"आणि नसेल तर?" रोशनी म्हणाली.

"नसेल तर काय नातं ते सांग. लग्न ठरलंय का?"

"मी सांगणार नाही."

"अगं पण का?" शिरोडे काकू मागून कळवळून म्हणाल्या. "एका शब्दाचं काम आहे. आम्हाला तुझी काळजीच आहे ना."

"काकू, मी इथे राहायला आले तेव्हा करार वाचून सही केली होती. लिफ्टमध्ये कोणाबरोबर चढले ते सांगायचं, असं त्यात नव्हतं."

कुजबुज वाढली. पवार म्हणाले, भाषा बघा. कुणी म्हणालं, लपवण्यासारखं आहे म्हणूनच लपवतेय. एकेक आवाज चढत गेला. तो अजून येतो का, घरी राहतो का, आईवडिलांना माहीत आहे का. वर्षानुवर्षं ज्यांच्या घरी मी हळदीकुंकवाला गेले, ती माणसं होती ही. रोशनी एकाही प्रश्नावर बोलली नाही. ठरवल्याप्रमाणे बसून राहिली.

मी उठले. "ज्या ठिकाणाहून तो व्हिडिओ आला, ते सगळ्यांनी बघितलं पाहिजे. खातं सोसायटीचं आहे. मी सचिव आहे."

"ताई, हे अध्यक्षांच्या परवानगीशिवाय..." अण्णा उठायला लागले.

"लपवायचं काय आहे आपल्याला, अण्णा?"

काझी सरांनी टीव्हीची तार जोडून दिली. मी सर्वांसमोर नवा पासवर्ड मागवला, तो आला, मी आत शिरले आणि 'ओळखीचे चेहरे' असं लिहिलेलं पान उघडलं.

टीव्हीभर आमचे चेहरे पसरले. प्रत्येकाखाली अण्णांनी दिलेलं नाव. '३०२ नर्स' सगळ्यांत वर होती. तिच्याशेजारी 'बाटली' या नावाने पवारांचा चेहरा, हातात काळी पिशवी. काझी सरांखाली 'दाढीवाला'. शिरोडे काकूंखाली 'खडूस म्हातारी'. माझ्याखाली 'भांडकुदळ'. इराखाली 'उशिरा येणारी'. दूधवाल्यापासून कामवाल्या बायकांपर्यंत कुणी सुटलं नव्हतं. जवळजवळ सगळ्या बायकांच्या चेहऱ्याशेजारी घंटा होती.

सगळे पुढे झुकून वाचू लागले. मग पवार ओरडले, "बाटली? अण्णा, बाटली म्हणजे काय?" शिरोडे काकू चष्मा सारखा करत टीव्हीपाशी गेल्या आणि स्वतःच्या चेहऱ्याखालचे दोन शब्द पुन्हा पुन्हा वाचत राहिल्या. दुसऱ्या मजल्यावरचा एक जण अण्णांच्या अंगावर धावून गेला, त्याला दोघांनी धरलं. अण्णा म्हणत होते, "अहो, खुणेसाठी नावं असतात. सुरक्षेसाठी. कंपनीने सोय दिली म्हणून." कुणी ऐकून घेत नव्हतं. पोलिसात जाऊ म्हणत होते, राजीनामा द्या म्हणत होते.

मला वाटलं होतं, हे बघून मला बरं वाटेल. उलट माझा राग दुपटीने उसळला, आणि तो आता एकट्या अण्णांवर नव्हता.

"थांबा," मी म्हणाले. "आत्ता एवढे पेटलात. चार दिवसांपूर्वी याच माणसाने हेच केलं तेव्हा तुम्ही अंगठे दिलेत. पवारसाहेब, मालकाला कळवा म्हणून तुम्हीच लिहिलंत. काकू, तुम्ही विचारलंत रोज येतो का म्हणून. ती मुलगी आत्ता इथे बसून तुमचं ऐकत होती आणि तुम्हाला काही वाटलं नाही. आपलं नाव पडद्यावर आलं तेव्हा वाटलं."

तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून नलिनीताई उठल्या. हिरवी साडी, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. त्या टीव्हीच्या अगदी जवळ गेल्या. सगळ्यांत खालच्या ओळीत त्यांचा चेहरा होता, हातात भाजीची पिशवी. खाली एकच शब्द होता, 'ही'. शेजारी घंटा.

"माझ्यापुढे घंटा कशाला?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"घरी चल. घरी बोलू."

"घंटा कशाची आहे, तेवढं विचारतेय."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं, म्हणून मला सांगावं लागलं. "ती व्यक्ती कॅमेऱ्यासमोरून गेली की अण्णांना फोनवर कळतं."

नलिनीताई म्हणाल्या, "म्हणून मी फाटकापर्यंत पोचते न पोचते तोवर फोन येतो. कुठे निघालीस म्हणून. मला वाटायचं, बाल्कनीतून बघतात." एवढं बोलून त्या जिन्याकडे चालू लागल्या. लिफ्ट तळमजल्यावरच उघडी उभी होती, पण त्या जिन्यानेच गेल्या.

पुढचं सगळं भराभर झालं. अण्णांनी राजीनामा दिला. कंपनीची जोडणी काढून हौशी लोकांची बसवायची, असं ठरलं, एकमताने. आधीच तुमचं ऐकायला हवं होतं, असं मला पाचसहा जणांनी सांगितलं. पवारांनी तर माझा हात हातात घेतला. मी रोशनीकडे बघितलं तर तिची खुर्ची रिकामी होती. ती कधी उठून गेली ते कुणालाच कळलं नव्हतं. तिची माफी मागायचा ठराव कुणी मांडला नाही, आणि मी मांडला तेव्हा निम्मी माणसं पांगली होती.

मी नवी जोडणी बसवली. कंपनीकडचं सगळं चित्रण, सगळे चेहरे पुसायला लावले. नव्या जोडणीचा पासवर्ड अर्धा माझ्याकडे, अर्धा काझी सरांकडे. ती छान चालली. मध्ये एकदा अडली, तेव्हा कुठल्यातरी दूरच्या देशातल्या माणसाने दोन दिवसांत दुरुस्ती लिहून टाकली. तो कोण, कुठला, मला आजही ठाऊक नाही. पण दुरुस्ती पोचायच्या आतच पवारांचा फोन आला होता. "ताई, आमची नवी कामवाली हल्ली उशिरा येते, म्हणते पाणी नव्हतं. तेवढं जरा बघून सांगा ना, खरं किती वाजता फाटकातून आली."

"त्यासाठी नाही ते," मी म्हणाले.

"अहो, आपल्या आपल्यात. कुणाला कळतंय?"

मी फोन ठेवला. आणि मग दर थोड्या दिवसांनी असा कुणाचा ना कुणाचा फोन येत राहिला. शेजारच्या घरी कोण पाहुणे आले होते, कुणाचा मुलगा कुणाच्या गाडीतून उतरला. सगळे अगदी गोड बोलून विचारायचे. मी नाही म्हणाले की त्यांना नवल वाटायचं.

रोशनीच्या घरमालकाने तिला राहा म्हणून सांगितलं होतं. ती राहिली नाही. महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी फाटकाशी छोटा टेम्पो आला. तिचं सामान थोडंच होतं, एक पलंग, गॅसची शेगडी, पुस्तकांची पेटी. मी खाली उतरले होते. शिरोडे काकूही आल्या होत्या, डब्यात बेसनाचे लाडू घेऊन.

"आता काही बाहेर जात नाही, रोशनी," मी तिला म्हणाले. "सगळं बंद केलंय. तू खरंच राहू शकतेस."

"तुम्ही केलंत ते माहीत आहे, ताई." तिने पेटी टेम्पोत सरकवली. "पण लिफ्टसमोर उभी राहिले की मान आपोआप वर जाते. कॅमेऱ्याकडे बघते. मग झोप लागत नाही."

शिरोडे काकूंनी डबा तिच्या हातात दिला. डोळे पुसले. तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि मग आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, "आता जातेच आहेस, तर मला एकटीला सांग. कोण होता गं तो?"

मला आजही तो आवाज ऐकू येतो. त्यात दुष्टपणा नव्हता. लाडू मनापासून केलेले होते. रोशनी म्हणाली, "काकू, गोळी सकाळी नाश्त्यानंतरच घ्या. रिकाम्या पोटी घेता आणि मग चक्कर येते." ती टेम्पोत पुढे ड्रायव्हरशेजारी बसली. टेम्पो वळणावरून दिसेनासा होईपर्यंत तिने मागे बघितलं नाही.

काकू मला म्हणाल्या, "बघितलंत? साधं विचारलं तर."

मी ऑफिसमध्ये गेले, स्क्रू ड्रायव्हर घेतला, स्टूल घेतलं आणि लिफ्टसमोर येऊन त्यावर चढले. कमिटीला विचारलं नाही, ठराव केला नाही, काझी सरांनाही सांगितलं नाही. पार्किंगमध्ये बॅटऱ्यांवर लक्ष ठेवायला कॅमेरे होते, ते पुरेसे होते. इथे माणसं घरी येतात. दमलेली, रडलेली, भांडून आलेली, प्रेमात पडलेली. स्क्रूच्या खाचेत टोक बसेना. स्टूलही डगमगत होतं.

मग ते डगमगायचं थांबलं. खाली बघितलं तर नलिनीताई होत्या. हातातली भाजीची पिशवी जमिनीवर ठेवून त्यांनी दोन्ही हातांनी स्टूल धरलं होतं.

पहिला स्क्रू निघाला. दुसरा निघाला. कॅमेरा माझ्या हातात आला, तारेला लोंबकळत. मी तार ओढून काढली.

नलिनीताईंनी वर बघितलं. "पाचव्या मजल्यावर आमच्या दारासमोरही एक आहे," त्या म्हणाल्या. "चला. स्टूल मी घेते."